देव आठवण्याची रीत

ऋद्धपुरात भटोबास बराच वेळ एकटे, कोणाशी न बोलता बसून असत. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही हकिकत. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी शिष्यांना ऋद्धपुरी आपले गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सन्निधानी राहायला सांगितले होते, आणि त्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्य, म्हणजेच भटोबास, वऱ्हाडातल्या या गावी येऊन राहिले होते. त्यांच्या त्या शांत बैठकीबद्दल म्हाइंभटांनी एकदा विचारले, की आपण हे नेहमी कसले चिंतन करता? स्वामींच्या लीळांचे, असे उत्तर मिळाले. म्हाइंभट पंडित होते, शास्त्रांत मुरलेले होते. त्यांच्या मनात आले, की भटोबासांपाशी आज ही आठवण आहे, पण पुढे येणाऱ्यांनी काय आठवायचे? त्यांनी भटोबासांना सांगण्याची विनंती केली. परंपरा म्हणते, की सहा महिने भटोबास सांगत होते आणि म्हाइंभट ऋद्धपुरातल्याच वाजेश्वरीच्या एकांतात लिहून घेत होते. मग ज्या ज्या लीळेचे जे जे साक्षीदार हयात होते, त्यांच्या गावी जाऊन म्हाइंभटांनी ती ती लीळा पडताळून पाहिली.

इ. स. 1278 च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून आपण तो शाळेपासून ओळखतो. यादवकालीन समाज समजून घ्यायला, जुन्या मराठीचे व्याकरण लावायला, तेव्हाचे अन्न, वस्त्रे, रस्ते, बाजार शोधायला अभ्यासक तो उघडतात. हे सगळे त्यात आहेच. पण ज्या बैठकीतून तो आला ती बैठक उपासनेची होती. हा ग्रंथ आधी एका माणसाचे ध्यान होता, आणि महानुभाव पंथात तो आजही ध्यानासाठीच वाचला जातो. या गोष्टीकडे आपले, म्हणजे पंथाबाहेरच्या मराठी वाचकांचे, फारसे लक्ष गेलेले नाही. ते जावे म्हणून हा लेख.

असन्निधानातला धर्म

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानले आहेत. चारही अनादी, आणि एकमेकांपासून वेगळे. देवता असंख्य आहेत. त्या आपापली फळे देतात, मात्र जीवाला मोक्ष देणे त्यांच्या हाती नाही. ते सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे. जीवावरच्या कृपेने हा परमेश्वर मनुष्यदेह धरून येतो. पंथ असे पाच अवतार मानतो: श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, द्वारावतीकार श्रीचांगदेव राऊळ, ऋद्धिपूरकार श्रीगोविंदप्रभू आणि प्रतिष्ठानकार श्रीचक्रधर. हेच पंचकृष्ण.

अवतार समोर असतो तेव्हा उपासना सोपी असते. त्याचे पाय धुवावे, त्याच्याबरोबर चालावे, शंका आली तर विचारावी. खरा प्रश्न अवतार निघून गेल्यावर पडतो. महानुभावांनी या दोन अवस्थांना सन्निधान आणि असन्निधान अशी नावे दिली आणि आपला सगळा आचारधर्म दुसऱ्या अवस्थेसाठी उभा केला. भटोबास आणि त्यांच्या सोबतच्यांचे नंतरचे दिवस ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात आले आहेत. तो वाचताना जाणवते, की ही माणसे एका मोठ्या वियोगात जगत होती. त्यांनी त्या दुःखावर फुंकर घातली नाही. ते जागे ठेवले, त्याला शिस्त लावली. स्मरण त्या शिस्तीचे नाव.

असन्निधानात भक्ताला चार आधार सांगितले आहेत: स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. अवतार जिथे बसले-उठले ती जागा. त्यांच्या स्पर्शाची वस्तू. सर्वसंग सोडून अनुसरलेला साधक. आणि उपदेश घेतलेला गृहस्थ. यांतला एकही आधार परमेश्वराच्या जागी बसत नाही. चारही त्याची आठवण देतात आणि म्हणून वंद्य ठरतात.

आठवायचे काय

स्मरण म्हणजे नामजप, असे पुष्कळांना वाटते. नाम त्यात आहेच, पण ते दार झाले. नामाबरोबर मूर्ती, लीळा आणि चेष्टा आठवायच्या असतात. मूर्ती म्हणजे अवताराचे रूप: वर्ण, चाल, वस्त्र, दृष्टी. केसोबासांचा ‘मूर्तिप्रकाश’ हा ग्रंथ याच हेतूने चक्रधरांचे रूप उभे करतो. लीळा म्हणजे घडलेला प्रसंग. चेष्टा म्हणजे साधीसुधी हालचाल, जिच्यात प्रसंग म्हणावा असे काही घडतही नाही.

चेष्टांचे हे महत्त्व कळले, की ‘लीळाचरित्र’ निराळे दिसू लागते. त्यात काही शब्द पुन्हा पुन्हा येतात. उदयाचा पूजावसर, म्हणजे सकाळची पूजा. मग विहरण, म्हणजे फिरायला जाणे. आरोगणा, म्हणजे भोजन. गुळळा, म्हणजे चूळ भरणे, आणि विडा. पहुड म्हणजे निजणे, उपहुड म्हणजे उठणे. संध्याकाळी व्याळी, म्हणजे रात्रीचे जेवण. चरित्र म्हणून वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. तो ती गाळून पुढच्या गोष्टीकडे जातो. स्मरण करणारा मात्र तिथेच रेंगाळतो. त्याच्या लेखी देव जेवायला बसले ही संपूर्ण घटना आहे. स्वामींची सेवा करणाऱ्या बाईसांनी काय वाढले, कोण जवळ होते, स्वामी काय बोलले, मग कुठे पहुडले, या क्रमाने तो एक दिवस मनात पुरा करतो.

ऋद्धपुरातल्या एका मठात मला एक वयोवृद्ध तपस्विनी भेटल्या. तरुणपणीच त्या अनुसरल्या. ‘दंडवत प्रणाम’ झाल्यावर मी त्यांना विचारले, की स्मरणाला बसता तेव्हा नेमके काय करता? त्यांनी फार विचार न करता सांगितले, “सध्या डोमेग्राम धरलंय, दादा. पहाटे उपहुडापासून सुरू करते. स्वामी उठले, बाईसांनी पाणी दिलं, पूजावसर झाला. असं हळूहळू पुढं जायचं. मन मधेच सुटतंच. सुटलं की जिथं सुटलं तिथं परत यायचं. पुढं ढकलायचं नाही.”

डोमेग्राम म्हणजे गोदाकाठचे, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले कमालपूर. चक्रधरस्वामींचा तिथे मोठा मुक्काम झाला. ऋद्धपुरातल्या खोलीत बसून या बाई रोज पहाटे तिथे जातात. मी म्हटले, “आणि जे पोथीत नाही ते? म्हणजे त्या दिवशी ऊन होतं की ढग, असं?” त्या म्हणाल्या, “जे सांगितलेलं नाही ते आपण घालायचं नाही. आपल्या मनाचं घातलं की ते आपलं स्मरण झालं, स्वामींचं कुठं राहिलं?”

या उत्तरात सगळी साधना आली. भक्तीच्या अनेक परंपरांनी देवाचे रूप रंगवण्याची मुभा मनाला दिली, आणि त्यातून अपार काव्य निर्माण झाले. महानुभावांनीही काव्य कमी केलेले नाही. ‘साती ग्रंथ’ म्हणून ओळखली जाणारी त्यांची सात काव्ये मराठीचे वैभव आहेत. तरीही भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ रचले, तेव्हा पंथातल्या ज्येष्ठांनी ते वाखाणले आणि त्याच वेळी सांगितले, की हे निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, शृंगार फार झाला. भास्करभट्टांनी ते मनावर घेतले आणि पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ लिहिली. सुंदर असणे आणि स्मरणयोग्य असणे यांत पंथाने असा फरक केला. स्मरणाला लागतो नेमकेपणा. जसे घडले तसे, जिथे घडले तिथे, ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून.

एक लीळा, सावकाश

ही साधना कशी चालते हे एक लीळा घेऊन पाहू. सशाची लीळा बहुतेकांना ठाऊक आहे. स्वामी झाडाखाली बसले आहेत. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धापा टाकत येतो आणि त्यांच्या मांडीखाली शिरतो. मागून शिकारी येतात, ससा मागतात. हा शरण आला आहे, असे स्वामी सांगतात. बोलणे होते. जीव कोणी मारावा, का मारावा, यावर स्वामी त्यांना समजावतात. शिकारी हिंसा सोडतात. मग स्वामी मांडी उचलतात आणि सशाला, एखाद्या थोर माणसाला निरोप द्यावा तसे, ‘महात्मा’ म्हणून आता जायला सांगतात.

वाचायला एक मिनिट पुरते. बोध चटकन हाती येतो: अहिंसा, शरणागतरक्षण. पाठ्यपुस्तकाचे काम तिथे संपते. स्मरण करणारा मात्र बोधाकडे धावत नाही. तो आधी स्वामींचे आसन पाहतो. मग सशाचे येणे. मांडी किंचित उचलली गेली असेल, ससा आत शिरल्यावर ती पुन्हा टेकली असेल. हे तो स्वतःचे म्हणून घालत नाही, पण मांडीखाली ससा आहे या एका गोष्टीवर मन ठेवून थांबतो. शिकारी बोलत आहेत तोवर ससा तिथेच आहे. संवाद चालू असताना स्वामींचे शरीर हललेले नाही. जो देह परमेश्वराने जीवांसाठी धरला, त्याचा आडोसा एका भ्यालेल्या जनावराला मिळाला आहे. इतके पाहायला अर्धा तास लागतो, आणि मग अहिंसा ही शिकवण न राहता पाहिलेली गोष्ट होते.

गोविंदप्रभूंचे स्मरण याहून कठीण, असे जाणते सांगतात. कारण त्यांच्या लीळांत बहुधा उपदेश नाहीच. ते ऋद्धपुरात कोणाच्याही घरात शिरत, कोणाच्याही हातचे खात, पोरांत खेळत, हसत, रागावत. बाहेरचे लोक त्यांना वेडे समजत, आणि तेच लोक अडचणीत त्यांच्याकडे धाव घेत. मातंगांना पाणी मिळेना तेव्हा त्यांच्यासाठी विहीर झाली, तीही श्रीप्रभूंमुळे. महदंबेने त्यांच्या लग्नाच्या लीळेत धवळे गायिले आणि मराठीला पहिली कवयित्री मिळाली. या चरित्रात हेतू शोधू गेले तर हाती काही लागत नाही. हेतूवाचून देवाला नुसते पाहत राहणे, एवढेच श्रीप्रभूंचे स्मरण मागते.

ओट्यांचा नकाशा

नेमकेपणाचा हा आग्रह जमिनीवरही उतरला. अवतार जिथे बसले तिथे आसनस्थान, जिथे रात्र काढली तिथे वसतीस्थान, जिथे मुक्काम केला तिथे अवस्थान, जिथे फिरायला गेले तिथे विहरणस्थान, जिथे जेवले तिथे आरोगणास्थान. देहधर्मासाठी जिथे गेले त्या जागेचेसुद्धा परिश्रयस्थान म्हणून वंदन होते. परमेश्वराने देह धरला हे एकदा मानले, की देहाची कोणतीच क्रिया वगळता येत नाही. अशा प्रत्येक जागी ओटा बांधला गेला.

या जागा हरवू नयेत म्हणून चौदाव्या शतकात मुनी व्यासांनी ‘स्थानपोथी’ केली. गाव कोणते, देऊळ कोणत्या तोंडाचे, त्याच्या कोणत्या दिशेला कोणते स्थान, अशी सगळी नोंद तिच्यात आहे. फलटण, पैठण, वेरूळ, लोणार, सालबर्डी, ऋद्धपूर, अशी शेकडो ठिकाणे त्या नोंदींनी जोडली गेली. पोथी हातात घेऊन चालणाऱ्या साधकाला ती वाट दाखवते, आणि एका जागी बसलेल्याला मनातल्या मनात चालायला लावते.

ऋद्धपुरात राजमठापाशी उभे राहिले, की ही उपासना डोळ्यांना दिसते. ओटा म्हणजे जमिनीपासून थोडा उंच, चौकोनी चौथरा. वर वस्त्र. आजकाल पुष्कळ ओट्यांवर संगमरवर आणि भोवती मंदिर आले आहे. येणारा माणूस गुडघे टेकतो, कपाळ ओट्याला लावतो आणि तसाच राहतो. विडा ठेवतो, उपहार दाखवतो. बाजूला बसलेला कोणी त्या स्थानाची लीळा हलक्या आवाजात सांगतो. सांगणारा नसेल, तर भक्त स्वतः ती मनात म्हणतो. लीळा माहीत नसेल तर तो ओटा नुसता दगड, हे इथला प्रत्येक जण जाणतो. म्हणून कोणत्याही स्थानावर पहिला प्रश्न येतो, “इथं काय झालं?”

प्रसादाचेही तसेच. स्थानाशी संबंध असलेला लहानसा पाषाण, ज्याला ‘विशेष’ म्हणतात, तो घराघरांतल्या देवपूजेत असतो. एकेक विशेष हाती घेऊन कपाळी लावायचा आणि तो कुठला हे आठवायचे. अनेक महानुभाव देवळांत आज श्रीकृष्णाची मूर्ती दिसते. तरी जुन्या वळणाच्या भक्ताची पूजा या पाषाणांभोवतीच फिरते. विदर्भातल्या एका वासनिक घरात पहाटे स्वयंपाकाला लागण्याआधी प्रसादवंदन करणाऱ्या गृहिणीला मी पाहिले. कपाळी लावलेल्या प्रत्येक पाषाणाबरोबर तिच्या ओठांवर एकेक गावाचे नाव येत होते. त्यांतली बरीचशी गावे तिने पाहिलेली नव्हती. ती तिला लीळांतून ठाऊक होती.

हरवलेली पोथी, राहिलेली आठवण

या साधनेची कसोटी लागली ती चौदाव्या शतकाच्या आरंभी. खिलजींच्या स्वाऱ्यांनी देवगिरीचे राज्य मोडले. त्या धामधुमीत, पंथाच्या आठवणीत ‘खालशाची धाड’ म्हणून राहिलेल्या प्रसंगी, ‘लीळाचरित्रा’ची मूळ पोथी गेली. जिथे ग्रंथ हाच आधार असतो तिथे एवढ्याने सगळे संपते. इथे ज्यांनी वर्षानुवर्षे लीळा मनात घोळवल्या होत्या ती माणसे होती. त्यांनी पाठ पुन्हा सांगितले. त्यांत हिराइसा या साध्वीचे नाव अग्रभागी आहे. तिची स्मरणशक्ती पंथात वाखाणली गेली आणि तिने सांगितलेला पाठ ‘हिराइसापाठ’ म्हणून चालला. परशरामबास, रामेश्वरबास यांचेही पाठ झाले.

पाठांत फरक पडले. ते लपवले गेले नाहीत. एकाच लीळेबद्दल कोणाची आठवण कशी आहे, हे पोथ्यांनी नोंदवून ठेवले. आठवणीला पवित्र मानणाऱ्यांनी तिची तपासणीही पवित्र मानली. पुढे ह. ना. नेने यांनी 1936 पासून, मग शं. गो. तुळपुळे यांनी आणि 1978 मध्ये वि. भि. कोलते यांनी ‘लीळाचरित्रा’च्या आवृत्त्या सिद्ध केल्या. त्यांच्यासमोर पोथ्यांचा जो गुंता आला, तो या प्रामाणिकपणाचाच गुंता होता.

हिराइसेचे नाव घेताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या स्मरणपरंपरेत बायका पहिल्यापासून आहेत. चक्रधरांनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला, विटाळाची कल्पना मोडीत काढली. महदाइसा, म्हणजेच धवळे गाणारी महदंबा, सतत प्रश्न विचारी, आणि तिने विचारले म्हणून कितीतरी लीळा व निरूपणे घडली. ज्या काळात बाईच्या हाती पोथी नव्हती, त्या काळात एका पोथीचा प्राण बाईच्या आठवणीत राहिला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला मोठे पान मिळायला हवे.

पुढच्या पिढ्यांनी ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत ठेवले. त्याने पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्यांचे गैरसमजही वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या काळात त्या लिप्यांची कुलपे निघाली. तोवर पंथ मात्र फार दूर पोचला होता. पंजाब, पेशावर, काबूलपर्यंत ‘जयकृष्णी’ नावाने तो वसला. फाळणीनंतर त्यांतली घराणी दिल्ली-पंजाबात आली. आजही उत्तरेतले भक्त ऋद्धपूरला येतात. घरी ते पंजाबी बोलतात आणि शास्त्र मराठीत शिकतात. केसोबासांनी संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा भटोबासांनी स्वामींच्या मराठीचाच आग्रह धरला होता. त्या आग्रहाचे फळ इतक्या लांबवर पिकले आहे.

आज काय करावे

2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. म्हाइंभट जिथे लिहायला बसले त्या गावी भाषेचे विद्यापीठ होणे ही योग्य गोष्ट झाली. तिथे पोथ्यांचे जतन व्हावे, सगळ्या पाठांची तुलना करणारी आवृत्ती व्हावी, स्थानपोथीतल्या प्रत्येक जागेची पाहणी व्हावी. ओट्यांवर संगमरवर चढवण्याच्या घाईत जुन्या खुणा नाहीशा होत आहेत. त्या आधी नोंदल्या जाव्यात. हे काम पंथाने आणि अभ्यासकांनी मिळून करायचे आहे. मठांतल्या वृद्ध तपस्विनींना जे येते ते अजून कोणत्याही ग्रंथालयात नाही.

आणि आपण, पंथाबाहेरचे वाचक? आपल्यासाठीही या उपासनेत काही आहे, असे मला मनापासून वाटते. भटोबासांनी आपल्या माणसाला आठवताना त्यात स्वतःची भर घातली नाही. म्हाइंभटांनी ऐकलेले प्रमाण मानण्याआधी साक्षीदार गाठले. हिराइसेने गेलेले परत आणले, आणि दुसऱ्याची आठवण वेगळी असेल तर तिलाही जागा राहिली. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याबद्दल खरे तेवढेच बोलावे, ही त्यांची निष्ठा होती. मराठी गद्याचा पाया त्या निष्ठेने घातला. आपण आपल्या थोरांना आठवताना किती भर घालतो, किती गाळतो, हे या परंपरेच्या उजेडात पाहावे.

‘लीळाचरित्र’ घरात असेल तर ते उघडावे. सलग वाचू नये. एक लीळा घ्यावी. गाव कोणते, वेळ कोणती, कोण बसले आहे, कोण उभे आहे, एवढे पाहावे. मन सुटले तर जिथे सुटले तिथे परत यावे. तिच्यातला बोध आपण काढू नये. तो येईल तेव्हा येऊ द्यावा. ही रीत सातशेहून अधिक वर्षे मराठीत चालत आली आहे, ती शिकायला दीक्षा लागत नाही, आणि ज्या भाषेत ती जन्मली त्या भाषेच्या माणसांनी ती विसरावी असे एकही कारण नाही.